एकशे एकोणतीस

१

आधी हे सांगून टाकलेलं बरं, की तिचं कुणीही खरं मानलं नाही. सख्ख्या भावानं नाही, पोटच्या लेकीनं नाही, आणि ज्याच्या विमानाचा प्रश्न होता त्या वैमानिकानं तर नाहीच. चार यत्ता शिकलेली बाई, तिला काय कळतंय, असं तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण मनात तेच. अहो, शाळा लवकर सुटली म्हणूनच तर तिला वजन कळत होतं! समुद्र ओलांडून गोरिलांच्या मुलखात येऊन वसलेल्या बापाच्या भंगाराच्या दुकानात लहानपणापासून काट्यापुढे बसलेली पोर ती. पोत्याकडे नुसतं बघून किलो सांगायची, आणि पत्र्याच्या डब्यात दगड भरून आणणाऱ्याला सगळ्यांदेखत दुकानाबाहेर काढायची. वजन खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस. एवढं एकच शास्त्र ती शिकली होती, आणि तेवढ्यावर पन्नाशीपर्यंत तिचं काही अडलं नव्हतं.

बाप गेला, दुकान मिटलं. थोरल्या भावानं, दादानं, चष्म्याच्या दुकानावरची जागा घेऊन सहलींचं ऑफिस काढलं. साध्यासुध्या सहली नव्हेत. आठच माणसं, चारच दिवस, आणि थाट असा की तंबूत न्हाणीचा टब. एक दिवस पोचायचं, एक दिवस डोंगरातल्या जंगलात पायी चढून गोरिला बघायचे, एक दिवस उघड्या जीपमधून हत्ती आणि सिंह, आणि शेवटच्या दिवशी परत. जंगलापर्यंत न्यायला छोटं विमान. ते इतकं छोटं की माणसं आणि सामान किलोकिलोनं मोजून बसवायची.

म्हणून ती. मागच्या खोलीत बापाचा वजनकाटा ठेवला होता: खाली लोखंडी फळी, वर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर फिरणारी लांब सुई. त्याच खोलीत चढणीचे बूट, पिंडऱ्यांना बांधायचे पट्टे, खाजऱ्या झुडपांसाठी जाड हातमोजे, काठ्या. निघायच्या आधी प्रत्येकाचं तीन-चारदा वजन व्हायचं, बूट-जाकिटासकट. माणसानं तबकडीकडे पाठ करून उभं राहायचं. आकडा फक्त तिनं बघायचा, कार्डावर लिहायचा, कार्ड दुमडून डब्यात टाकायचं. मोठ्यानं बोलायचं नाही. माणसाला आपलं वजन चारचौघांत ऐकायला आवडत नाही, हा दादाचा नियम. ऑफिसात तिला पाठीमागे काटाबाई म्हणत. तिला ठाऊक होतं. आवडत नव्हतं, पण चालत होतं.

दादाचा आणखी एक नियम होता. प्रत्येक सहलीनंतर चुकीची वही भरायची: काय चुकलं, कधी चुकलं, कोणाकडून. वैमानिकाचं नाव त्या वहीत होतं, जेवण पाठवणाऱ्याचं होतं, खुद्द दादाचं अकरा वेळा होतं. काटाबाईचं नऊ वर्षांत एकदाही नव्हतं, आणि हे ती कुणालाही सांगायला लाजत नसे.

त्या खेपेला आठांतल्या दोघांनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं. दादानं त्या दोन जागा भाचीला आणि तिच्या नवऱ्याला दिल्या. "लग्नाला तीन वर्षं झाली, कुठं नेलंय का कुणी पोरीला? मामाची भेट समज."

लेक शाळेत खेळाची शिक्षिका. पोरांना पळवणारी, स्वतः त्यांच्या पुढं पळणारी. जावई मात्र वेगळा. देखणा, शब्दाचा गोड, पण सदा दमलेला. उठला तरी दमलेला, बसला तरी दमलेला. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणायचा. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. काटाबाईच्या मते तो आळस होता. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला कोण बोलणार.

पहिल्या वजनाला तो फळीवर चढला आणि डुलला. चक्कर आली म्हणाला. लेकीनं पुढे होऊन त्याचा हात धरला.

आता बापाचा नियम असा होता, की सुई थांबेपर्यंत फळीवरच्या मालाला कुणी हात लावायचा नाही. लावला तर बाप ओरडायचा, "हात लावलास? मग जा घेऊन घरी!" काटाबाईनं तो नियम आयुष्यभर पाळला होता. गिऱ्हाइकांच्या हातावर फटके मारले होते. पण जावयाला काय फटका मारायचा? उलट तीच म्हणाली, "धर गं त्याला, पडेल. सांभाळ."

सुई थरथरली आणि थांबली. एकाहत्तर. मग लेक चढली. अठ्ठावन्न. दोन कार्डं दुमडून डब्यात गेली.

२

दहा दिवसांनी आठही जण पुढच्या खोलीत जमले. दादानं नकाशा भिंतीला लावला आणि छडी घेऊन उभा राहिला.

"पहिल्या दिवशी विमान, दुपारी तंबूत. संध्याकाळी आराम. दुसऱ्या दिवशी पहाटे चढण. दोन तास लागतील, पाच लागतील, गोरिला काय आपले नोकर नाहीत. भेटले की एक तास. घड्याळ लावून एक तास. दहा पावलं लांब राहायचं. ज्याला खोकला असेल त्यानं आत्ताच सांगा, त्याला वर सोडत नाहीत. आपला खोकला त्यांना भोवतो."

"आणि त्यांचा आपल्याला?" निवृत्त न्यायाधीणबाईंनी विचारलं. सत्तरीची बाई, पण काठीसारखी ताठ.

"त्यांचा राग भोवतो. डोळ्यांत बघायचं नाही. मोठा नर जवळ आला तर खाली बसायचं, मान खाली. पळायचं नाही. चला, करून बघू."

दादा दर सहलीला हे करायचाच. तपकिरी घोंगडी पांघरून तो कपाटामागून रांगत आला आणि छाती बडवायला लागला. आठही जणांनी गुडघे टेकून माना खाली घातल्या.

"हा तर हुबेहूब आमच्या कोर्टातला शिरस्तेदार," न्यायाधीणबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, आणि सगळी खोली हसली.

सगळ्यात मोठ्यानं हसला जावई. काटाबाई दारातून बघत होती. तीन वर्षांत त्याला असं हसताना तिनं पाहिलं नव्हतं. बसला काय, टुणकन उठला काय. पिसासारखा. लेकही हसली, पण उठताना तिनं खुर्चीला हात लावला, आणि खुर्ची करकरली.

मग वजनं. सहा जणांची पहिल्यासारखीच, अर्धा किलो इकडे, अर्धा तिकडे. जावई चढला. सुई साठावर थांबली.

काटाबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तेच गाल, तोच पट्टा, पट्ट्याचं तेच भोक. दहा दिवसांत अकरा किलो गेलेला माणूस तिनं बघितला होता. त्याला धरून आणावं लागलं होतं.

"काय आई, वाढलंय का?" तो पाठमोराच म्हणाला.

"बोलायचं नसतं इथं. उतरा."

लेक चढली. सुई फिरत गेली, अठ्ठावन्नावरून पुढे गेली, आणि एकोणसत्तरावर थांबली.

३

आता ती काही भुताखेताला भिणारी बाई नव्हती. काट्यात बिघाड, दुसरं काय. तिनं दार लावलं आणि बापाची वीस किलोची दोन लोखंडी वजनं फळीवर ठेवली. चाळीस. एक काढलं. वीस. स्वतः चढून मान मागे वळवली. चौसष्ट. नऊ वर्षं रोज सकाळी तेच, एक कणही इकडे-तिकडे नाही. फळी उचलून खालची स्प्रिंग पुसली. परत चाळीस, परत वीस, परत चौसष्ट.

मग तिनं बूट वजन केले. जावयाचे बूट, पट्टे, जाकीट आणि वर तसलेच कपडे ठेवून तीन किलो. लेकीचेही जवळपास तेवढेच. म्हणजे कुणी बुटांत शिसं घातलं नव्हतं.

तिनं कार्डं घेतली आणि दादाच्या टेबलावर आपटली.

"हे बघ. ह्याचे अकरा गेले, हिचे अकरा आले."

दादानं चष्मा चढवला. तो विमानाच्या जागांचा नकाशा काढत बसला होता. जावई डावीकडच्या खिडकीशी, लेक उजवीकडच्या. दोघांनाही बाहेरचं दिसावं म्हणून.

"एकाहत्तर आणि अठ्ठावन्न किती?" त्यानं विचारलं.

"एकशे एकोणतीस."

"साठ आणि एकोणसत्तर?"

तिनं कार्डं पुन्हा उलटून बघितली.

"एकशे एकोणतीस," दादा म्हणाला. "अगं, कार्डांची अदलाबदल झाली असेल, निम्मीशिम्मी. वैमानिकाला एकूण लागतं. एकूण बरोबर आहे ना? मग झालं तर!"

"मी कार्डं बदलीन? मी?"

"बरं, नाही बदललीस. मग ती जाड झाली आणि तो वाळला. नवरा-बायकोत चालतंच असं."

काटाबाईनं कार्डं उचलली. दादाला हिशेब जमायचा, पण बापानं काट्यापुढे त्याला कधीच बसवलं नव्हतं. बाप उगाच नाही म्हणायचा, की याला आकडे कळतात, वजन कळत नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लेकीकडे गेली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लाकडी जिना. शाळा सुटून लेक नुकतीच येत होती. काटाबाई वरच्या दारात उभी राहून ऐकत राहिली. पायरीगणिक लाकूड ओरडत होतं. लेक दोन-दोन पायऱ्या चढणारी पोर. आज एकेक पायरी, मध्ये थांबून, कठडा धरून. तिच्या मागून जावई येत होता. शीळ घालत होता. शीळ जवळ येत होती, पण त्याच्या पायाखाली एकही पायरी वाजत नव्हती.

"आई! तुम्ही बसा, मी चहा टाकतो," तो म्हणाला आणि आत गेला. चहा टाकतो! तीन वर्षांत त्यानं पाण्याचा पेला उचलला नव्हता.

कामवाली नुकतीच फरशी पुसून गेली होती. काटाबाईनं मुद्दाम खाली बघितलं. लेकीच्या पावलांचे ठसे दारापासून खुर्चीपर्यंत उमटले होते, टाच, चवडा, पाचही बोटं. जावई अनवाणीच आत गेला होता. त्या बाजूची ओली फरशी आरशासारखी होती. एक डागही नाही.

फरशी वाळली असेल तिथली, तिनं स्वतःला सांगितलं. वाकून बोट लावलं. बोट ओलं झालं.

"काय शोधतेस, आई?"

"तुझी अक्कल. जिन्यात धापा का टाकतेस? दिवस गेलेत का?"

"नाही गं."

"मग गुडघ्यांना काय झालं?"

लेक खुर्चीत बसली. खुर्चीचा वेत ताणून खाली गेला. अंगानं होती तशीच होती, सडपातळ, गालांची हाडं दिसणारी. पण हात मांडीवर ठेवला तो असा, जसं माणूस भरलेली बादली खाली ठेवतं.

"त्याला बरं वाटतंय, आई," ती हळू म्हणाली. आतून कपांचा आवाज येत होता आणि शीळ. "त्या दिवसापासून. तुझ्या त्या खोलीत चक्कर आली ना, तेव्हापासून. सकाळी आपण होऊन उठतो. परवा मला म्हणाला, छातीवरचं गेलं. तुला माहितीय, लग्नानंतर एक दिवस तो असा नव्हता."

"आणि तू?"

"मी धडधाकट आहे. मला काय होतंय?"

"मला दोन डोळे आहेत. जाऊ नकोस त्या डोंगरावर."

"आई, त्यानं पहिल्यांदा कुठं जायची हौस केलीय. तू नाही म्हणू नकोस गं."

जावई तीन कप घेऊन आला. ट्रे त्यानं लेकीच्या हातात दिला, आणि सोफ्यावर बसला. सोफ्याची गादी जुनी, मऊ; मांजर बसलं तरी खड्डा पडायचा. काटाबाईनं चहा थंड होईपर्यंत त्या गादीकडे बघितलं. गादी ताठच राहिली.

५

निघायच्या आठवडाभर आधी तिसरं वजन झालं. जावई एकोणचाळीस, लेक नव्वद. एकशे एकोणतीस.

काटाबाईनं त्या वेळी दोघांना उलट्या क्रमानं चढवलं, मग अनवाणी, मग डोळे मिटून. हात कुणालाही लावू दिला नाही. आकडे हलले नाहीत. दादानं काटा दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं स्प्रिंग बदलली, चाळीस किलो ठेवून चाळीस दाखवले आणि म्हणाला, "असा काटा आता बनत नाही, बाई." ते तिला ठाऊकच होतं.

निघायच्या सकाळी मागच्या खोलीत आठही जण तयार होऊन उभे. बाहेर गाडी लागलेली. शेवटचं वजन, मग सरळ विमान.

"चढा," ती जावयाला म्हणाली.

तो हसत फळीवर चढला. चढल्याचा आवाज आला नाही. सुई किंचित सरकली आणि थांबली.

तीन.

काटाबाईनं तबकडीवर टिचकी मारली. सुई थरथरून पुन्हा तिथंच आली. तीन. बूट, पट्टे, जाकीट आणि कपडे तीन किलो, हे तिनं स्वतः मोजलं होतं. म्हणजे फळीवर बूट उभे होते. जाकीट उभं होतं.  तिनं आकडा लिहिला.

लेक चढली तेव्हा फळी खालपर्यंत दबली.

काटाबाईनं या वेळी कार्ड दुमडलं नाही. नऊ वर्षांचा नियम तिनं त्या खोलीत सगळ्यांदेखत मोडला.

"एकशे सव्वीस!" ती ओरडली. "माझी पोर एकशे सव्वीस किलो आहे आणि हा तीन! ही विमानात बसणार नाही. ऐकलंत सगळ्यांनी?"

 मग न्यायाधीणबाईंनी लेकीकडे बघितलं, तिच्या मनगटाकडे, कमरेकडे.

"ही? एकशे सव्वीस? अहो बाई, हिचं तर दोनदा वजन केलं तरी तेवढं भरायचं नाही."

कुणीतरी हसलं. लेकीचे कान लाल झाले. "आई, पुरे," ती म्हणाली. "माझ्या शाळेतली पोरंसुद्धा इतका तमाशा मांडत नाहीत."

"आई घाबरल्यात," जावई गोड आवाजात म्हणाला. "पोरगी पहिल्यांदाच विमानात बसतीय ना."

दादानं तिला दंडाला धरून बाजूला नेलं. "वेड लागलं का तुला? तीन किलोचा माणूस असतो का? काटा गेला. संपलं. आठांचं एकूण पाचशे ऐंशी, आधीही पाचशे ऐंशी. एकूण बरोबर आहे."

"एकूण बरोबर आहे म्हणूनच सांगतेय! काटा बिघडला असता तर एकूण चुकलं असतं. एवढं कळत नाही तुला?"

दादानं क्षणभर तिच्याकडे बघितलं. त्याला ते कळलं होतं. तिला दिसलं की कळलं. मग खाली गाडीचा भोंगा वाजला, आणि त्यानं मान फिरवली.

ती गाडीच्या दारात आडवी पडली असती. तेवढी धमक होती तिच्यात. पण लेकीनं खिडकीतून हात जोडले. खेळाच्या मैदानात दीडशे पोरांना शिट्टीवर नाचवणाऱ्या पोरीनं आईपुढे हात जोडले, आणि काटाबाई बाजूला झाली. गाडी निघाली तेव्हा उजवं मागचं चाक जास्त बसलेलं होतं. लेक उजवीकडे बसली होती.

६

पहिल्या दिवशी दुपारी वैमानिकाचा फोन आला. दादानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"पोचवलं, पण विमान वाटभर उजवीकडे कलत होतं. जागांचा नकाशा कुणी केला?"

"वजनं बरोबर होती," दादा म्हणाला.

"त्या कडेच्या बाई काय शिळा घेऊन बसल्या होत्या का मांडीवर?"

"सांगितलं होतं ना," काटाबाई फोनमध्ये तोंड घालून म्हणाली. "एकशे सव्वीस."

"बाई, मला डोळे आहेत," वैमानिक म्हणाला. "त्या पन्नास-साठच्या वर नाहीत. तुमचं सामान तपासा." आणि फोन ठेवला.

दादानं जागांचा नकाशा काढून उगाच पुसला. 

दुसऱ्या दिवशी गोरिला. काटाबाई त्या दिवशी जेवली नाही. मागच्या खोलीत बुटांच्या रिकाम्या फळीसमोर बसून राहिली. संध्याकाळी तिकडच्या वाटाड्यानं दादाला निरोप आणि एक फोटो पाठवला. निरोप असा होता की सगळे सुखरूप; एक ताई चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत होत्या, त्यांना चढवायला चार ओझेवाले लागले, पण त्यांनी वर जायचं सोडलं नाही. त्यांचे यजमान मात्र वाऱ्यासारखे सगळ्यांच्या पुढे. अशी चढण केलेला पाहुणा आपण बघितला नाही.

फोटो दादानं संगणकावर मोठा करून दाखवला. दाट हिरवं जंगल. पुढे आठ जण गुडघे टेकून, माना खाली, शिकवल्यासारखे. मागे मोठा नर, पाठीवर चांदीसारखे केस.

"बघ, कशी छान बसलीय तुझी लेक," दादा म्हणाला.

काटाबाई लेकीकडे बघत नव्हती. नराकडेही नाही. तिनं खालच्या चष्म्याच्या दुकानातून भिंग आणलं आणि काचेला टेकवलं.

जमिनीवर रुंद पानांची कोवळी झुडपं होती, वीतभर उंचीची. न्यायाधीणबाईंच्या गुडघ्यांखाली ती चुरगळली होती. बाकीच्यांच्या खालीही. लेकीभोवती तर जमीनच खचून पाणी वर आलं होतं. जावई तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला होता, मान खाली, ओठांवर हसू. आणि त्याच्या गुडघ्यांखाली पानं उभी होती. एकही दुमडलेलं नव्हतं.

"दादा, तू बघ."

दादानं भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"उजेडाचा खेळ असतो," तो म्हणाला, आणि संगणक बंद केला. पण त्या दिवशी तो ऑफिसातून लवकर गेला, आणि जाताना त्यानं मागच्या खोलीकडे बघायचं टाळलं.

७

पाचव्या दिवशी सकाळी बूट परत करायला माणसं आली. न्यायाधीणबाई येऊन गेल्या, खूश होत्या. शेवटी जिन्यावर लेकीची पावलं वाजली. इतकी जड की खालच्या दुकानातल्या काचा किणकिणल्या.

ती दारात आली आणि भिंतीला टेकली. चेहरा करडा पडला होता. तिच्या हातात दोन जोड होते. तिच्या बुटांचे तळ फाटून उघडे झाले होते. जावयाच्या बुटांच्या तळांवर कारखान्याचा शिक्कासुद्धा पुसला गेला नव्हता.

"तो कुठंय?"

"आलोय, आई," दारातून आवाज आला.

जावई उंबऱ्यावर उभा होता. हसत होता, पण दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून. छतावरचा पंखा जोरात फिरत होता आणि त्याचा सदरा फडफडत होता, पाय थोडे थोडे मागे सरकत होते.

"पंखा जरा बंद करता का?" तो म्हणाला.

काटाबाईनं पंखा बंद केला नाही.

"चढा काट्यावर. हिचा हात धरा. जे तिच्यावर टाकलंत ते परत घ्या. आत्ता."

"नको आई," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "मला आता सवय राहिली नाही."

जावयाला बोलायचं नसतं, ओढायचं तर नसतंच. तिनं दोन ढांगांत खोली ओलांडली आणि त्याचा दंड धरला. सदऱ्याची बाही तिच्या मुठीत आली. तिनं आवळली. मूठ मिटत गेली, मिटत गेली, आणि बोटं तळव्याला लागली. दोरीवर वाळत घातलेला सदरा धरावा तसं. वर त्याचा चेहरा तिच्याकडे बघत होता, आणि त्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू नव्हतं. भीती होती. तिच्याइतकीच.

आयुष्यात हाती आलेली वस्तू तिनं कधी सोडली नव्हती. ती बाही तिनं सोडली.

तो वळला आणि जिना उतरला. शीळ नाही, पाऊल नाही. खाली रस्त्याकडचं दार उघडल्याचा वारा तेवढा वर आला. लेक खिडकीशी जायला निघाली, तशी काटाबाई गरजली, "बघायचं नाही! इकडे ये."

"आई, तो कुठं जाईल असा?"

"वारा नेईल तिकडे. तू चढ."

लेक फळीवर चढली. एकशे सव्वीस. तिथंच होती सुई. काटाबाईनं जिन्याचं दार लावून घेतलं, पदर खोचला आणि काट्याशी उभी राहिली.

"उतर. आता मी चढते. सुई फिरायला लागली की माझा हात धर. थांबेपर्यंत सोडायचा नाही."

"आणि तुला काही झालं तर?"

"भंगाराच्या काट्यापुढे वाढलेय मी. मला काय होतंय?"

हे वाक्य आपण कुठं ऐकलंय, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं. लेकीलाही आठवलं. 

ती चढली. लेकीनं हात धरला. सुई चौसष्टापाशी थरथरली, रेंगाळली, आणि कुणी मागून ढकलल्यासारखी पुढे सरकली. काटाबाईच्या छातीवर काहीतरी येऊन बसलं. थंड नव्हतं, ओंगळ नव्हतं. नुसतं जड. आणि दमलेलं. इतकं दमलेलं, की तिच्या डोळ्यांत उगाच पाणी आलं. तिनं दात आवळले.

सुई थांबली. अठ्ठ्याहत्तर. लेकीला चढवलं. एकशे बारा.

"श्वास घे," ती म्हणाली. लेकीनं घेतला, पोटापर्यंत घेतला. गालांवर थोडा रंग आला.

"उद्या सकाळी नऊला यायचं. परवाही यायचं. निम्मंनिम्मं होईस्तोवर यायचं. मग पुढचं पुढे बघू."

"आई, मामा म्हणतो काटा बिघडलाय. वैमानिक म्हणतो सामान. सगळे म्हणतात माझंच काहीतरी दुखणं आहे," लेक म्हणाली. "तू म्हणतेस त्यानं केलं. पण तो असं करायला नव्हता गं आला त्या दिवशी. त्याला नुसती चक्कर आली होती."

काटाबाई टेबलाशी गेली. खुर्चीत बसली तेव्हा खुर्ची करकरली. तिनं चुकीची वही ओढली आणि पान उघडलं. तिचं अक्षर चौथीतल्या पोराचं, मोठं, गोल, रेघेबाहेर जाणारं. काय चुकलं, या रकान्यात तिनं लिहिलं: सुई थांबायच्या आधी हात लावू दिला. कधी, या रकान्यात: पहिल्या वजनाला. कोणाकडून, या रकान्यापाशी तिचा हात थांबला नाही. वजन खोटं बोलत नाही, आणि तीही बोलणार नव्हती. पेन दाबून तिनं लिहिलं: काटाबाई.